स्मिता पाटील, डोळे वगळून : एका ध्वनिमुद्रणाच्या नोंदी

२ जून २०२५

काम ठरलं. दृष्टिहीन श्रोत्यांच्या बोलक्या पुस्तकांच्या संग्रहासाठी मी गेली सहा वर्षं पुस्तकं वाचून देते. या वेळी पहिल्यांदाच लिहायचंही मी आणि वाचायचंही मी. विषय स्मिता पाटील, तिचं आयुष्य आणि काम, साधारण चाळीस मिनिटं. १७ ऑक्टोबरला तिचा जन्मदिवस. असती तर यंदा सत्तर वर्षांची झाली असती. त्याच्या आत फाइल संग्रहात पोचली पाहिजे.

चित्रपटातले तुकडे घ्यायचे नाहीत, गाणीही नाहीत. कुठल्या चित्रपटाचे हक्क कुणाकडे, हे शोधण्यातच वर्ष जायचं. म्हणजे नटीबद्दल बोलायचं, आणि हाताशी ना तिचा चेहरा ना तिचा आवाज. हो म्हणून बसले खरी.

५ जून

आज नुसती सनावळी मांडली. जन्म १७ ऑक्टोबर १९५५, पुणे. वडील शिवाजीराव गिरधर पाटील, खानदेशातल्या शिरपूरचे, स्वातंत्र्यलढ्यातून राजकारणात आलेले, पुढे राज्यात मंत्री. आई विद्याताई, परिचारिका आणि सामाजिक कार्यकर्त्या. तीन बहिणींतली ही मधली. घरात राष्ट्र सेवा दलाचं वातावरण. मग मुंबई, आणि दूरदर्शनवर मराठी बातम्या. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकरांच्या 'तीव्र मध्यम' या पदविका-चित्रपटात काम. १९७५ साली श्याम बेनेगलांचे 'चरणदास चोर' आणि 'निशांत', मराठीत जब्बार पटेलांचा 'सामना'. तिथून १३ डिसेंबर १९८६ पर्यंत बारा वर्षंसुद्धा भरत नाहीत, आणि चित्रपट ऐंशीच्या आसपास.

एकट्या १९८२ सालासमोर मी लिहिलंय: 'उंबरठा', 'अर्थ', 'बाजार', 'शक्ती', 'नमक हलाल'. यादी इथे संपत नाही. ही बाई जेवायची कधी?

२१ जून

पहिला खर्डा ताईंना वाचून दाखवला. ताई संग्रहाच्या सगळ्यात जुन्या सभासद. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. जन्मापासून दिसत नाही. त्यांनी ऐकल्याशिवाय आमच्याकडची कुठलीही नवी फाइल पुढे सरकत नाही, हा अलिखित नियम.

मी सुरुवात केली होती, "ते पाणीदार, बोलके डोळे…"

ताईंनी पहिल्याच वाक्याला हात वर केला. "पाणीदार म्हणजे रडके?"

"नाही ताई, म्हणजे… तेजस्वी."

"बरं. आणि बोलके असतील तर ते काय बोलले ते सांग की. नुसतं बोलके, बोलके काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची दहा मिनिटं त्या गप्प ऐकत होत्या आणि प्रत्येक 'डोळे' ऐकल्यावर बोटाने टेबलावर टिचकी मारत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अगं, ही मुलगी दिवसभर करायची काय? तुझ्या कागदात ती नुसती बघतेय."

घरी आल्यावर फाइलमध्ये शब्द शोधले. डोळे चौदा वेळा, सावळी पाच वेळा, अकाली तीन वेळा. वाचलेल्या प्रत्येक लेखात हेच तीन शब्द आहेत आणि मी ते जसेच्या तसे उचललेत. तिन्ही काढून टाकायचे असं ठरवलं.

२३ जून

ताईंचा फोन. परवा एक सांगायचं राहिलं म्हणाल्या. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ च्या २ ऑक्टोबरला. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत त्यांच्या चाळीत एक टीव्ही आला, आणि संध्याकाळी त्या खोलीत अख्खा मजला जमायचा. "सगळे बघायचे, मी ऐकायचे. बातम्या सांगणाऱ्यांत एक मुलगी होती, तिचा आवाज जरा खाली बसलेला. बाकीच्या बातम्या सांगायच्या तेव्हा वाटायचं आपण शाळेत आहोत. ही सांगायची तेव्हा वाटायचं शेजारी बसलीय. नाव तेव्हा मला ठाऊक नव्हतं. नंतर भावाने सांगितलं, ती सिनेमात गेली."

सुरुवात सापडली! ताईंच्या परवानगीने इथूनच सुरू करणार.

जीन्सचा किस्साही इथेच येईल. कॅमेऱ्यात दिसायची तेवढी साडी, आणि ती जीन्सवरूनच गुंडाळलेली. बातम्या झाल्या की साडी सोडायची आणि निघायचं. सगळीकडे तो तिच्या बिनधास्तपणाचा पुरावा म्हणून सांगतात. मला वेगळंच वाटतं. चौकटीत काय येतं आणि काय येत नाही, हे तिला विशीच्या आत कळलेलं होतं. नटीचा निम्मा अभ्यास तिथेच झाला म्हणायचा. बेनेगलांनी तिला पहिल्यांदा हेरलं तेही टीव्हीवरच.

६ जुलै

'मंथन' पुन्हा पाहिला, वहीत फक्त क्रियापदं लिहीत. गुजरातच्या दूध उत्पादक शेतकऱ्यांनी, पाच लाखांनी, प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला हा चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची. १९७६ साल. स्मिताची बिंदू दूध विकणारी, कडेवर मूल, शहरातून आलेल्या डॉक्टरशी पहिल्यापासून तोंड वाजवणारी.

या चित्रीकरणाचा एक किस्सा बऱ्याच वर्षांपासून सांगतात. शूटिंग बघायला आलेली माणसं विचारायची, हिरॉईन कुठाय? गावातल्या बायकांत तसलीच साडी नेसून बसलेली ती बाई म्हणजे हिरॉईन, हे त्यांना खरंच वाटेना. किस्सा ताईंना सांगितला तर त्या खूष. "बघ, तिथे कुणाला डोळे दिसले का?"

१२ जुलै

'भूमिका'. यावर आठवडा गेला आणि अजून जाईल.

अडचण अशी. बेनेगलांनी यात काळ बदलला की चित्राचा पोत बदलला आहे, काही भाग कृष्णधवल, काही रंगीत. डोळस प्रेक्षकाला न सांगता कळतं की आता आपण मागे गेलो. कानाला ते कसं कळायचं? मी लिहिलं, "आता चित्र कृष्णधवल होतं." ताई म्हणाल्या, त्याचा मला काय उपयोग? वय सांग. मग तसं केलं. उषा लहान आहे, गाणाऱ्या आजीच्या घरात वाढतेय. उषा आता चित्रपटात कामाला लागली. उषाचं लग्न झालं, त्याच केशवशी, ज्याने लहानपणापासून या घरावर हक्क सांगितला. वयाच्या पायऱ्यांनी गोष्ट सरळ उभी राहिली.

मूळ गोष्ट आपल्या जुन्या काळच्या नटी हंसा वाडकरांची. अरुण साधूंना त्यांनी सांगितलेलं 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन, त्यावरून हा हिंदी चित्रपट. ताईंनी ते पुस्तक आमच्याच संग्रहात ऐकलंय, दोनदा. म्हणून त्यांचा प्रश्न टोकदार होता: "हंसाबाई स्वतः सांगतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात रुबाब आहे. हिच्यात तो आहे का?"

रुबाब आहे, पण वेगळ्या जागी. पडद्यावरची उर्वशी आणि घरातली उषा अशी दोन माणसं स्मिता एकाच चित्रपटात करते, आणि त्यांची बोलण्याची पट्टीच निराळी आहे. स्टुडिओतली वरच्या पट्टीत, लाडिक, ठसक्याने बोलते. घरी केशवशी भांडताना आवाज खाली येतो, शब्द तुटतात, मधेच नुसता श्वास. अमरीश पुरींच्या काळेच्या वाड्यात ती राहायला जाते तेव्हा सुरुवातीला आवाज निवळतो, गृहिणीचा होतो. मग कळतं की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला परवानगी नाही, आणि तोच आवाज घट्ट होतो. हे मी डोळे मिटून, हेडफोन लावून ऐकलं तेव्हा कळलं. पडद्यावर पाहून तीन वेळा निसटलं होतं.

हे तिने केलं तेव्हा ती एकवीस-बावीस वर्षांची. या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथेचाही मिळाला, बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांना.

१३ जुलै

'जैत रे जैत' कालच्या जोरात लिहून टाकला. १९७७, जब्बार पटेल, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून. ठाकर आदिवासींच्या वस्तीतली चिंधी, नवऱ्याला सोडून नाग्याकडे आलेली. गंमत म्हणजे या भागात डोळा काढता येईना. मधमाशीच्या दंशाने नाग्याचा डोळा जातो, गोष्टच त्यावर उभी. तेव्हा संपूर्ण संहितेत आता एकच डोळा उरला आहे, तोही मोहन आगाशेंचा.

२७ जुलै

ताईंनी अडवलं. 'जैत रे जैत' आणि 'उंबरठा' म्हटलं की श्रोत्यांना गाणी आठवणार. ना. धों. महानोरांचे शब्द, सुरेश भटांची 'सुन्या सुन्या मैफलीत माझ्या', वसंत बापटांची 'गगन सदन तेजोमय', सगळ्याला संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. "आमच्यासाठी 'उंबरठा'तली स्मिताची गाणी म्हणजे लताबाईंची गाणी. गळा लताबाईंचा, मग त्यात हिचं काय?"

प्रश्न वहीत लिहून ठेवला. तीन दिवस पुरला.

३० जुलै

'उंबरठा' लिहायला बसण्याआधी ताईंची आठवण ध्वनिमुद्रित केली. १९८२ साली बहिणीबरोबर थिएटरात गेल्या होत्या. बहीण कानाशी कुजबुजत सगळं सांगत होती. मागच्या रांगेतून शुक्-शुक् सुरू. तरी ती थांबली नाही. सुलभा घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून निघते, लहान मुलीला सासरी ठेवून, तेव्हा कुजबूज बंद झाली. ताईंनी कोपराने ढोसलं, "काय झालं? सांग ना." बहीण म्हणाली, "निघाली गं." एवढंच.

घरी येताना दोघींचं भांडण झालं. बहिणीचं म्हणणं, मुलीला टाकून जाणारी कसली आई. तिला तेव्हा दोन लहान मुलं होती. ताई म्हणाल्या होत्या, "नवरा वकिलीसाठी परगावी गेला असता तर त्याला कुणी टाकून गेला म्हटलं असतं का?" चाळीस वर्षांनंतर बहिणीने फोनवर आपणहून विषय काढला आणि म्हणाली, तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. का, ते सांगितलं नाही. ताईंनीही विचारलं नाही.

हा दीड मिनिटाचा तुकडा मी तसाच ठेवणार आहे. माझ्या शब्दांत लिहिला की मेला.

बाकी माहिती आटोपशीर: शांता निसळ यांची 'बेघर' ही कादंबरी, संवाद तेंडुलकरांचे, नवऱ्याच्या भूमिकेत गिरीश कार्नाड. याचीच हिंदी आवृत्ती 'सुबह'.

गळ्याच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच सुचलं. गाण्यात सुलभाचं मन लताबाईंच्या आवाजात वर चढतं, आणि गाणं संपलं की स्मिताच्या साध्या, खर्जातल्या आवाजात आश्रमाचा हिशेब, तक्रारी, नोंदवह्या. दोन्ही एकाच बाईची वाटावीत याची जबाबदारी स्मितावर, कारण लताबाईंचा सूर खाली येणार नव्हता. ताईंना फोन करून सांगितलं. "हं, चालेल," म्हणाल्या. ताईंच्या तोंडून 'चालेल' म्हणजे पुरस्कारच.

९ ऑगस्ट

'चक्र'. जयवंत दळवींची कादंबरी, रवींद्र धर्मराज यांचा पहिला आणि शेवटचा चित्रपट. १९८१ चा लोकार्नो चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण बिबट्या, याला मिळाला, आणि झोपडपट्टीतल्या अम्माच्या भूमिकेसाठी स्मिताला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार.

पण नोंद पोस्टरची करायची आहे. वस्तीतली बाई उघड्यावर आंघोळ करते, कारण तिला दुसरी जागाच नाही. चित्रपटात तो दिवसाचा साधा भाग आहे. जाहिरातीला मात्र तेवढंच चित्र उचललं आणि भिंतीभिंतींवर लावलं. स्मिताने त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली होती. सबंध भूमिकेतून एक चौकट कापली की तिचा अर्थ फिरतो, हे माझ्या श्रोत्यांना समजावायला मला सगळ्यात कमी शब्द लागले. 'नमक हलाल'मधलं पावसातलं गाणं याच्या लगेच पुढे घेतलंय, त्यावर टिप्पणी नाही.

अमिताभ बच्चनच्या अपघाताआधीच्या रात्री आलेला फोन, तिचं लग्न, कोण कुणाशी बोलत नव्हतं, हे सगळं गाळलं. आमच्या संकलकाची कुरकुर चालू आहे की लोकांना तेच हवं असतं. असेल. त्यांना ते मिळायला इतर चिकार जागा आहेत.

१० ऑगस्ट

भराभर उरकले: मृणाल सेनांचा 'अकालेर संधाने' (१९४३ च्या दुष्काळावर चित्रपट करायला गावात गेलेलं युनिट, आणि त्यातल्या नटीचं नाव स्मिताच), सत्यजित राय यांचा दूरदर्शनसाठीचा 'सद्गती', केतन मेहतांचा 'भवनी भवई', अरविंदन यांचा मल्याळी 'चिदंबरम'. बंगाली, गुजराती, मल्याळी, हिंदी, मराठी. 'अर्थ'ला एक परिच्छेद जास्त दिला, कारण तिथे तिच्या वाट्याला 'दुसरी बाई' आली आहे आणि ती तिने खलनायिका होऊ दिलेली नाही. १९८५ ची पद्मश्री एका वाक्यात.

२४ ऑगस्ट

ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि बंद केलं. जागा म्हणजे माझीच आतली खोली, दारावर दोन गोधड्या, कपाट उघडं ठेवून त्यातल्या साड्यांसमोर माइक. पंखा बंद. चार मिनिटांत घामाच्या धारा. तेही चाललं असतं, पण गल्लीत ढोलपथकाचा सराव आहे आणि बुधवारी गणपती बसताहेत. आता ६ सप्टेंबरच्या विसर्जनापर्यंत गप्प बसायचं.

८ सप्टेंबर

रात्री अकरानंतर बसले. पाटील, पुणे, पदविका, पुरस्कार, पद्मश्री! या बाईच्या आयुष्यात 'प' इतके आहेत की प्रत्येक ओळीला माइकवर वाऱ्याचा फटका. 'भूमिका' आणि 'भवनी भवई' तर विचारूच नका. शेवटी जुनी युक्ती केली, माइकच्या तोंडासमोर रबरबँडने उभी पेन्सिल बांधली. फटका दोन बाजूंना फुटतो. 'पाटील' स्वच्छ आलं.

११ सप्टेंबर

माझी चूक. 'उंबरठा'च्या भागावर दुसऱ्या दिवसाचं वाचन त्याच नावाने साठवलं. अकरा मिनिटं गेली. ताईंची आठवण वेगळ्या फोल्डरमध्ये होती म्हणून वाचली. ती गेली असती तर पुन्हा तशी बोलली गेली नसती.

१४ सप्टेंबर

शेवटचा भाग. वाक्य एवढंच आहे: "२८ नोव्हेंबर १९८६ रोजी तिला मुलगा झाला. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीतून १३ डिसेंबरला तिचं निधन झालं. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती." सात टेक झाले. दर वेळी 'एकतीस'वर माझा आवाज आपोआप ओला होतो, आणि ऐकताना लाज वाटते.

ताईंना सातही पाठवले. उत्तर: "बातमी देतात तसं वाच."

आठव्या टेकला बसलं.

त्यापुढे 'मिर्च मसाला', कारण तो पडद्यावर आला १९८७ मध्ये, ती गेल्यानंतर. सोनबाई सुभेदाराच्या थोबाडीत मारते, पळते, मिरचीच्या कारखान्यात शिरते, म्हातारा पहारेकरी दार लावून घेतो. शेवटी बायका सुभेदारावर मिरचीपूड उधळतात आणि ती विळा घेऊन उभी. संहिता इथेच थांबते. संकलकाने विचारलं, शेवटी दोन वाक्यं श्रद्धांजलीची घालू या का? नको म्हटलं.

२ ऑक्टोबर

जुळणी झाली. ४१ मिनिटं १० सेकंद. बाविसाव्या मिनिटाला शेजारच्या कुकरची शिट्टी आहे. काढायला गेलं तर एक शब्द जातोय, म्हणून राहू दिली.

ताईंनी अख्खं ऐकलं. दोन दुरुस्त्या: मी 'निसळ' चुकीचं उच्चारलं होतं, आणि एका ठिकाणी 'तिची नजर' राहून गेली होती. "डोळे काढलेस आणि मागच्या दाराने नजर आणलीस होय?" दोन्ही पुन्हा वाचून जोडलं.

१३ ऑक्टोबर

फाइल संग्रहात चढली, चार दिवस हाताशी ठेवून.

१९ ऑक्टोबर

तीन जणांनी ऐकून संग्रहात फोन केला. एकाला कुकरची शिट्टी चित्रपटातली वाटली. एका विद्यार्थ्याने विचारलंय की 'मंथन' सबंध ऐकायला मिळेल का. त्याची दुरुस्त केलेली प्रत गेल्या वर्षी कान महोत्सवात दाखवली, हे त्याने कुठेतरी ऐकलंय. नुसता ध्वनिमार्ग दिला तर न बोलता घडणाऱ्या जागा कळणार नाहीत, तिथे वर्णन घालावं लागेल. परवानगीसाठी पत्र लिहिलं आहे. ताईंनी वाचून घेतलं, एक स्वल्पविराम बदलला. उद्या पोस्टात टाकते.